उजळायची ट्यूब

काल औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन उभ्या होत्या. "स्थळं बघतोय, जरा उजळेल असं काहीतरी द्या," त्या म्हणाल्या. दुकानदाराने मुलीकडे न बघताच एक ट्यूब पुढे ठेवली. दाढीचा साबण देतानाही माणूस याहून जास्त चौकशी करतो.

तीच ट्यूब मी दोन वर्षं लावली होती. सुरुवातीला सगळे "खुललीस गं" म्हणाले. कातडी पातळ होऊन तिचा पापुद्रा होईपर्यंत त्यांना तो उजळलेला रंगच वाटत होता. मग गालांवर लाल शिरा उमटल्या. लावणं थांबवलं की चेहरा पेटायचा, म्हणून मी मूर्खासारखी पुन्हा तीच लावायची. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, "यात स्टिरॉइड आहे. हळूहळू सोडवू." ते सुटायला वर्ष गेलं. तेवढ्या काळात खुललीस म्हणणाऱ्यांनी नात्यातल्या लग्नांच्या फोटोंत मला मागच्या रांगेत उभं केलं. आता माझा सावळा रंग परत आला आहे, आणि त्यांच्या मताची मला पैचीही किंमत उरलेली नाही.

मी मुलीला माझा गाल दाखवला. "हे याच ट्यूबने झालं."

"सगळ्यांनाच थोडंच होतं असं?" तिच्या आई म्हणाल्या.

मुलीने मात्र माझा गाल नीट पाहिला आणि ट्यूब मागे सरकवली.

दुकानदाराने ती शांतपणे उचलली. "मग दुसऱ्या कंपनीची दाखवू?"