आर्लिसचा टाइमआउट

आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचा कोच कोण, असं गावात कुणालाही विचारा, नाव यायचं लेलँड प्रूइटचं. आर्लिस वेल्डकॅम्प कोण, असं विचारलं की लोक जरा घुटमळायचे. "हां, ती होय! लेलँडच्या शेजारी बसते ती."

शेजारी बसायचं हे काम तिने उभा जन्म केलं. बसायचं आपलं म्हणायला. पोरींच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, भर थंडीत कुठल्या तरी शेतावरच्या स्वयंपाकघरात बसून "तुमची मुलगी आमच्याकडेच पाठवा" म्हणून आयांना पटवायचं, समोरच्या संघाची दुखरी नस हुडकून काढायची, सगळं तिच्याच गळ्यात. लेलँड मुलींवर ओरडायचा आणि समजूत आर्लिसने घालायची. तो पंचांच्या अंगावर धावून जायचा आणि मागून त्याचा कोट आर्लिसने ओढून धरायचा. एकदा ओढताना कोटाची शिवण उसवली, तर ती शिवूनही तिनेच दिली.

टाइमआउटचंही तेच. खेळ थांबवून मागायचा हक्क मुख्य कोचचा, पण अंगात वारं शिरल्यावर लेलँडला कसलं भान? मग आर्लिस डावीकडे झुकून हळूच म्हणायची, "कोच, टाइमआउट." की लेलँड हातांनी खूण करून गरजायचा. दुसऱ्या दिवशी कॅफेत चर्चा, "काय नेमका थांबवला हो लेलँडने!" आर्लिस आपली अंड्यांवर मीठ भुरभुरत राहायची. तिला वाईट वाटायचं, आणि चांगलंच वाईट वाटायचं.

इतर कॉलेजांनी तिला मुख्य कोच म्हणून बोलावलंही होतं. दर वेळी लेलँड म्हणायचा, "जातेस कुठे? माझ्यामागे ही खुर्ची तुझीच." ती राहिली. लेलँड मात्र खुर्ची सोडायचं नाव काढेना.

शेवटी त्याच्या हृदयानेच त्याला उठवलं. जानेवारीत सराव चालू असताना तो कोसळला. वाचला, पण डॉक्टरांनी मैदानाकडे फिरकायचं नाही म्हणून बजावलं. कॉलेजचा क्रीडाप्रमुख डॉर्न याने आर्लिसला बोलावून घेतलं.

"मोसम संपेपर्यंत तू सांभाळ," तो म्हणाला. "लीगचं अजिंक्यपद आणलंस तर नेमणूक कायम. नाहीतर बाहेरचा माणूस बघावा लागेल. वरून तसं म्हणणं आहे."

"आणि इतकी वर्षं मी इथे काय गवत उपटत होते?"

"चिडू नकोस गं. जिंकून दाखव, म्हणजे त्यांची तोंडं बंद होतील."

तिने दाखवलं. संघ असा काही खेळायला लागला की कॅफेतल्या लोकांनाही तिचं नाव आठवायला लागलं. चेंडू खेळवणारी केंड्रा तिला चिडवायची, "कोच, आता तरी पहिल्या खुर्चीवर बसा की!"

"अगं, माणूस जिवंत आहे अजून," आर्लिस म्हणायची. लेलँडच्या खुर्चीवर त्याचा टॉवेल घडी करून ठेवायचा आणि आपण आपल्या जुन्याच खुर्चीवर बसायचं, हा तिचा नेम.

लीगच्या अंतिम सामन्यात शेवटचे काही सेकंद उरले होते. तिचा संघ एका गुणाने मागे, चेंडू केंड्राकडे. समोरच्या संघातल्या दोघींनी केंड्राला कोपऱ्यात कोंडलं. पास द्यायला वाट नव्हती. एक टाइमआउट शिल्लक होता. आर्लिसने हे सगळ्यांच्या आधी हेरलं. ती डावीकडे झुकली आणि हळूच म्हणाली, "कोच, टाइमआउट."

शेजारी नुसता टॉवेल होता.

ती ताडकन उठली, हात वर करून जिवाच्या आकांताने ओरडली. तोवर केंड्राच्या हातून चेंडू हिसकावला गेला होता. भोंगा वाजला.

"मी तुमच्याकडेच बघत होते, कोच," केंड्रा हुंदके देत म्हणाली. "तुम्ही मागाल म्हणून."

"माझं चुकलं, पोरी. तुझं काही नाही." त्या दिवशी समजूत घालताना आर्लिसचा आवाज पहिल्यांदाच कातरला.

डॉर्नने शब्द पाळला. दुसऱ्या राज्यातून एक तरुण कोच ठरवला. तो फार अदबीने बोलला, शेजारी तुमच्यासारखं अनुभवी माणूस हवंच म्हणाला. आर्लिस हो म्हणाली. या वयात जाणार तरी कुठे?

मग ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल घेऊन ती लेलँडला भेटायला गेली. तो वाळून अर्धा झाला होता, आवाज मात्र शाबूत होता. त्याने सामना रेडिओवर ऐकला होता. ती बसते न बसते तोच तो उसळला.

"टाइमआउट होता की गं शिल्लक! शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी इथे पलंगावरून बोंबलतोय! हातातली खुर्ची घालवलीस. का नाही मागितलास?"

आर्लिसचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"मागितला होता, कोच," ती म्हणाली. "तुमच्याकडे."

लेलँडला ते उमगायला एक क्षण लागला. मग जन्मभर गरजलेल्या त्या माणसाला तिच्याकडे बघवेना.