एक सूत खाली

आमच्या जुन्या व्हॅनचं सरकतं दार लावायची एक पद्धत होती. आत बसलेल्यांनी हातपाय आवरून घ्यायचे, मी बाहेर उभं राहायचं, दार शेवटपर्यंत मागे न्यायचं आणि जीव खाऊन आपटायचं. लागलं तर लागलं. बाळकुमच्या आमच्या सोसायटीत मी रागीट बाई म्हणून प्रसिद्ध आहे त्यात या दाराचा मोठा वाटा आहे. उरलेला माझा.

दर शनिवारी मी अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, कोपरला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचे. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात कमजोर झालेला. पुढची सीट उंच, तिथे पाय चढत नाही, म्हणून मागे बसायचे. एका शनिवारी म्हणाले, "आज नको." पुढच्या शनिवारीही नको. आत्याबाईंचे फोन यायला लागले, "माझ्यावर रागावलाय का गं तो?" तिसऱ्या शनिवारी मी खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "तू मला आत ठेवतेस आणि बाहेरून आपटून बंद करतेस. वॉचमन बघत असतो. मी काय पार्सल आहे?"

मला हसू आलं. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गेलं.

"तुम्हाला आतून एका हाताने लावता आलं, तर याल?"

"लागू दे तर आधी."

गॅरेजवाल्याने आधीच हात झटकलेले. या गाडीचं लॉक आता मिळत नाही म्हणे. तेव्हा मीच खाली उतरले. आधी लॅचमध्ये खोबरेल ओतलं, मग शिलाई मशीनचं तेल. दार लागेना, पण न लागण्याचा आवाज जरा गोड झाला. मग मी हातोडी आणली. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. जन्मभर कारखान्यात फिटर म्हणून काम केलेला माणूस आणि समोर सून हातोडी चालवतेय.

"झालं मारून?" त्यांनी शांतपणे विचारलं. "आता घरातून कुंकू आण."

यांनीही देवावर सोडलं, असं मला वाटलं. मी ताम्हणच घेऊन आले. हळद, कुंकू आणि वर नारळ.

"नारळ ठेव परत. कुंकू तेलात कालव आणि लॅचच्या जिभेला लाव. मग दार नुसतं टेकव. ठसा कुठे उठतो बघ. कारखान्यात निळा रंग असायचा, तुझ्याकडे हे आहे."

ठसा गाडीच्या खांबावर, जीभ जिच्यात अडकायची त्या कडीच्या खाली उठला. इतक्या वर्षांत दार रुळावर लोंबून खाली आलेलं, कडी होती तिथेच.

"आपटलं की दार उडतं, म्हणून कसंबसं अडकतं," अण्णा म्हणाले. "स्क्रू सैल कर. कडी एक सूत खाली घे."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी कडी खाली घेतली.

"हे दोन झालं."

जरा वर घेतली.

"आता अर्धं. चष्म्याचा नंबर वाढलाय तुझा."

तेवढ्यात शेजारच्या वहिनी भाजी घेऊन आल्या. लाल झालेलं दार आणि पायाशी ताम्हण बघून म्हणाल्या, "नवी घेतलीत? पेढे कुठायत?"

"तीच आहे हो."

"मग कुंकू?"

"लागत नव्हतं तिचं," मी म्हणाले. मला दार म्हणायचं होतं.

वहिनींनी समजल्यासारखी मान हलवली, गाडीला नमस्कार केला आणि लिफ्टकडे गेल्या. अण्णा खुर्चीत हलत हसत होते.

स्क्रू घट्ट केल्यावर ते आत चढले. सवयीने मी बाहेरून दाराची मूठ धरली.

"हात काढ."

मी काढला. डाव्या हाताने त्यांनी दार ओढलं. ते अर्ध्यावर थांबलं, हात पुढे पुरेना. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले, हे माझ्या बाबतीत नमूद करण्यासारखं आहे. ते सीटवर जरा सरकले, पुन्हा ओढलं. टक् असा आवाज आला, डबीचं झाकण लागावं तेवढाच.

त्यांनी दार उघडलं. पुन्हा लावलं. आणखी एकदा उघडून लावलं. मग काच सरकवली.

"ताईला फोन कर. म्हणावं, निघालोय. आणि तू बस की आता गाडीत. बाहेर काय उभी राहिलीस?"