सीटचं माप

"मापात पाप नको," असं टेलरबाई गिऱ्हाइकांना ऐकवायच्या. कुणी पोट आत ओढून उभं राहिलं, तर टेप हातात धरून ते श्वास सोडेपर्यंत थांबायच्या. एवढी करडी बाई, पण नवऱ्याच्या सायकलीची सीट काही त्यांना स्वतःच्या मापाला आणवेना.

सायकल जुनी, लांबच्या प्रवासाची. नवऱ्याने भंगारातून फ्रेम उचलली आणि चाकं, हँडल, दिवा असं एकेक जमवत बसला. "तळ्याकाठी तंबू ठोकून राहू. तू मागे कॅरियरवर बस," म्हणायचा. सीटच्या दांड्यावर त्याने आपल्या उंचीची रेघ मारली, तीही बाईंचा खडू न विचारता उचलून. त्यावरून बोलणीही खाल्ली. चेन बसायच्या आधीच तो गेला.

बाई रडल्या नाहीत. लोकांनी नावं ठेवली. काही वाटतच नव्हतं, त्याला त्या तरी काय करणार? दुकान बंद झालं की सायकलीशी बसायच्या. राहिलेली चेन बसवली, ब्रेकच्या तारा त्यांनी सुईत दोरा ओवावा तशा ओवल्या. तंबू शिवला, शिवून झाल्यावर कळलं, तो दोघांच्या मापाचा झालाय.

निघायच्या दिवशी धाकटा दीर हवा भरायला आला.

"वहिनी, पाय टेकत नाहीत तुमचे. सीट खाली घेतो."

"राहू द्या, भाऊजी." सीट खाली गेली की ती रेघ नळीत घासून पुसली जाणार होती.

"मग तुम्ही सायकल फिरवणार, की सायकल तुम्हाला?"

"हातात धरून नेते."

आणि नेलीही. तळ्याकाठी तंबू ठोकला, पाव खाल्ला, अर्ध्या तंबूत झोपल्या. इतकं करूनही आत काही हललं नाही, याचंच त्यांना वाईट वाटलं.

सकाळी टाचांना फोड आले होते. चालत परतणं शक्य नव्हतं. बाईंनी पाना काढला, बोल्ट सैल केला आणि सीटवर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दाबली. नळीच्या काठाला थोडी पांढरी भुकटी तेवढी उरली.

तेव्हा कुठे त्यांना रडू आलं. रडतच त्यांनी खिशातला खडू काढला, दांड्यावर आपल्या उंचीची रेघ मारली आणि पाय टेकतात का ते पाहिलं. टेकत होते.