सगुणाबाईचे इंग्रजी

८ मार्च १९३८, मंगळवार. भोर. पापडाचे पीठ कुटले. हे कचेरीतून उशिरा आले. दुपारी सगुणाबाईला पत्र लिहून दिले. दोनदा.

ही माझ्या जुन्या वहीतली नोंद. तेव्हा हे हयात होते, संस्थानच्या कचेरीत कारकून. सगुणाबाई उत्रोलीची, आमच्याकडे धुण्याभांड्याला येई. ऐन तरुणपणी नवरा गेल्यावर ती पाचगणीला एका अमेरिकन मिशनरी जोडप्याकडे आया म्हणून राहिली. त्यांची मुलगी रूथ तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. रूथ आठ वर्षांची असताना ते कायमचे मायदेशी परतले. सगुणाबाईजवळ उरला एक पत्ता आणि दहा-पंधरा इंग्रजी शब्द.

ते शब्द मला खटकत. बिस्किटाला ती कुकी म्हणे, पाण्याच्या जगला पिचर, तान्ह्या मुलाच्या कॉटला क्रिब. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात इंग्लंडच्या नन्सकडे शिकलेली. तिला सुधारायला गेले, की भांड्यावरचा हात न थांबवता म्हणायची, "तुमची मडम निराळी, माझी मडम निराळी."

त्या दुपारी ती रूथसाठी पत्र सांगत गेली आणि मी इंग्रजीत लिहीत गेले. क्रिबमध्ये माझा पदर मुठीत धरल्याशिवाय तू झोपायची नाहीस. पिचरमागे लपवलेल्या कुकी तुला बरोबर सापडायच्या. आता केवढी झालीस? माझी आठवण आहे का?

मी कॉट, जग, बिस्किटे असे शुद्ध लिहिले आणि वाचून दाखवले. ती मान पुढे काढून ऐकत होती. वाचून संपले तरी मान तशीच.

"ह्यात माझं कुठं हाय?" तिने विचारले.

मी समजावले, अर्थ तोच आहे, तिकडे कुणालाही कळेल.

"कळंल, वैनी. पर म्या बोलतीया, हे न्हाई कळायचं तिला."

त्या सबंध कागदात सगुणाबाईला ओळखू आले असते असे तेवढेच शब्द होते, आणि तेच मी काढून टाकले होते. मी दुसरा कागद घेतला. या खेपेला वाचताना आपल्या प्रत्येक शब्दाला ती हळूच "व्हय" म्हणत गेली.

आमच्या आळीत टपालवाला कुंडलिक अकराच्या सुमारास येई. बोटीने उत्तर यायला दोन महिने लागतील, असे मी सांगितले होते. मे महिन्यापासून सगुणाबाई एरवी साताला झाडायचे अंगण अकराला झाडू लागली. विचारायची कधीच नाही. तो पुढच्या घराकडे वळला, की केर भरून आत यायची. पावसाळा गेला, दिवाळी झाली. मीही त्या वेळी तांदूळ निवडायचे निमित्त करून ओटीवर बसू लागले.

पुढच्या वर्षीच्या एप्रिलात एक दिवस सकाळी दार उघडते तो अंगण झाडून सडाही घातलेला. ती मागे भांड्यांना लागली होती. अकराला कुंडलिक आला, यांच्या नावचे कार्ड देऊन गेला. ती बाहेर आली नाही. संध्याकाळी वहीत लिहिले: आज अंगण सातालाच झाडून झाले.