पोस्टकार्डाएवढी फट

हे सांगायचं मी आजवर टाळत आलो. काल नातलगाकडून लग्नाची पत्रिका आली. चांगली जाड होती. बोटांनी आपोआप तिची जाडी चाचपली आणि मी पुन्हा पेणच्या त्या गॅरेजात जाऊन बसलो.

रोह्याहून येणारे इस्माईलभाई तिथे मला पंपाच्या इंजिनाचं काम शिकवत. कॉइल आणि चाकावरचं मॅग्नेट यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवायचं, स्क्रू आवळायचे, मग कार्ड ओढून काढायचं. तेवढीच फट राहिली की ठिणगी जोरात पडते. एकदा ते जेवायला गेले असताना गागोद्याच्या तुकादादांचं इंजिन मीच जोडलं. पोस्टकार्ड सापडेना, म्हणून लग्नाची पत्रिका घातली. इंजिन कसंबसं चालू झालं.

चौथ्या दिवशी दादा ते घेऊन परत आले. "इस्माईल, दोरी खेचून हात गळाले, चालूच होत नाय! मिरची करपली ना माझी!"

इस्माईलभाईंनी फटीत पोस्टकार्ड घातलं. ते सैल हललं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चूक माझी हाय, दादा," ते म्हणाले.

मालकाने त्यांना त्याच दिवशी काढलं. मी खाली मान घालून पाने पुसत राहिलो. तेव्हा वाटलं होतं, ते रागाने बघतायत. आता कळतं, मी बोलतो का याची ते वाट बघत होते.

त्यांचं तेलकट पोस्टकार्ड बाकावरच राहिलं होतं. त्यावर मी रोह्याचा पत्ता घातला आणि लिहिलं, "इस्माईलभाई, ते इंजिन मी जोडलं होतं. मला माफ करा." ते वारल्याचं कळलं तेव्हाही ते कार्ड माझ्याच खणात होतं.