धनेशाच्या घरट्याचा खुलासा

आता हसायचं तर हसा, पण सांगते. सत्तावीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या, आणि स्वतः अशी चूक केली की एका संपादकांना पुण्याहून फोन करावा लागला.

मंगळवार होता. मी मेथी निवडत होते. मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, जाऊन तीन महिने झाले होते. त्याचा फोन मी अजून रोज चार्ज करते. त्यावर ईमेल आला, पक्ष्यांवरच्या एका शोधपत्रिकेचा.

मिलिंद इकडे हिंदी मुलखात, रांझीला, सरकारी कारखान्यात होता. ड्यूटीच्या आधी पाखरं बघत बसायचा. क्वार्टरांच्या मागे एका बंद खोलीच्या भिंतीत राखी धनेशाच्या जोडीनं घरटं केलं होतं. धनेश खरं तर झाडाच्या ढोलीत राहतो. मादी आत बसून दार लिंपून घेते, नर फटीतून तिला फळं भरवतो. भिंतीत घरटं म्हणजे नवल. मिलिंदनं रोज दोन तास बसून टिपण लिहिलं आणि पत्रिकेला पाठवलं. त्याच्या नावानं छापून येणारं ते पहिलंच असतं.

ईमेलमध्ये काय होतं? परीक्षकाचे आक्षेप. परीक्षकाचं नाव नाही. लेखक रोज सहा ते आठ तिथे हजर होता, हे कशावरून? मादी पूर्ण काळ आतच होती, हे कसं ठरवलं? तीन आठवड्यांत उत्तर द्यावे.

तुम्हीच सांगा, कारखान्याच्या घरात असं पत्र आलं तर माणूस काय समजेल? कारणे दाखवा नोटीस. तीही निनावी तक्रारीवरून, गेलेल्या माणसावर.

मेथी तशीच राहिली. मी कचेरीतल्या इंग्रजीत उत्तर लिहिलं. विषय: निनावी तक्रारीबाबत खुलासा. मुद्दा एक, निनावी तक्रारीवर कारवाई करता येत नाही. मुद्दा दोन, दिवंगत कर्मचाऱ्याची पाळी आठला सुरू होई आणि घरटं फाटकापासून चार मिनिटांवर आहे. मुद्दा तीन, मादी आत होती की बाहेर, याला कर्मचारी जबाबदार नाही. सोबत सेवेचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला, हजेरीचा उतारा आणि शेवटी मृत्यूचा दाखला.

संध्याकाळी पल्लवी आली, माझी मुलगी. तिनं वाचलं आणि खुर्चीत बसली.

"आई, ये क्या भेज दिया?"

"खुलासा. बाबांवर आरोप करून राहिले ते."

"अगं, आरोप नाही. इनका तरीका है. छापने से पहले किसी जानकार से पढ़वाते हैं, नाम छुपाके, म्हणजे तो खरं बोलेल. और ये आखिरी लाइन पढ़ी तूने?"

शेवटची ओळ होती: नोंद महत्त्वाची आहे, छापावी.

मी आक्षेपांच्या खाली वाचलंच नव्हतं. कचेरीत कोण वाचतं?

दोन दिवसांनी संपादकांचा फोन आला. "ताई, तुमचा खुलासा मिळाला. इतका मुद्देसूद खुलासा आमच्याकडे कधी आला नाही." बोलताना हसत होते. मग थांबले. "मृत्यूचा दाखला मी सगळ्यात शेवटी उघडला. माफ करा. आम्हाला काहीच कल्पना नव्हती."

परीक्षकाच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिलिंदच्या वहीत निघाली. कधी बसला, कधी उठला, नर किती वेळा आला, सगळं तारखेनिशी. पल्लवीनं टाइप करून पाठवलं.

संपादकांनी पुन्हा फोन केला. "एकच अडचण आहे, ताई. फोटो धूसर आहेत. दुसऱ्या कोणी घरटं पाहिलं असेल, तर ही पक्की नोंद म्हणून जाईल. नाहीतर 'अपुष्ट' असं लिहावं लागेल. तुम्ही तर पाहिलंच असेल ना? घराच्या मागेच होतं."

मिलिंद रोज सकाळी दारात चपला घालून उभा राहायचा. "चल ना, चार पावलं आहे. काहून येत नाहीस?" मी म्हणायची, "डबा करून राहिले ना. उद्या येते." पूर्ण उन्हाळा तो विचारत होता.

हो म्हटलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं. मी संपादकांना म्हटलं, "अपुष्ट लिहा."

मी ते घरटं एकदाही पाहिलं नाही.