सुगंधाआतेचं खोटं बसणं

माझ्या आईने एका माणसाचा केसाने गळा कापला. ते माणूस म्हणजे माझी आते, सुगंधा. जन्मदात्रीबद्दल असं लिहू नये म्हणतात. म्हणोत बापडे. आतेबद्दल जे बोलू नये ते सगळं बोलून झालं, तेव्हा कुणाला काही वाटलं नव्हतं.

आमचं घर मालवणच्या दक्षिणेला, अगदी किनाऱ्यावर. आजोबांना सगळे दाजी म्हणत. किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, रापणीत, त्यांचा वाटा होता. आजी आतेच्या लहानपणीच गेली आणि वर्षभरात माझी आई, सुभद्रा, सून म्हणून घरात आली. आतेच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या, नऊवारीचा काष्टा घालायला तिने शिकवलं, पहिल्यांदा विटाळ आला तेव्हा काय करायचं तेही तिनेच सांगितलं. आतेला स्वतःची आई आठवायचीच नाही. तिला जे काही सांगायचं असे ते ती वैनीला सांगे.

ही पंचावन्न सालची गोष्ट. मी तेव्हा रांगत होते. आते अठरा वर्षांची, आणि तिला एक खोड लागली होती. खोड कसली, दुखणंच, पण बायका त्याला खोड म्हणत. सकाळी रापण ओढली की गुडघाभर पाण्यात मासळी निवडायची, मग पाटी डोक्यावर घेऊन मालवणच्या बाजारात बसायचं. पाटीतलं पाणी अंगावरून ओघळे. काष्टा सकाळी भिजायचा तो संध्याकाळी अंगावरच वाळायचा. तिला जांघेत आणि आत अशी खाज सुटे की बसवत नसे, आणि भर बाजारात बाई करणार काय? ती नुसती चुळबुळ करायची. शेजारणी हसायच्या, "काय गो, मुंगये चावतत काय तुका?" चार दिवस बरं वाटे आणि पुन्हा सुरू. त्यात पाळीचाही धरबंध नव्हता. कधी दोन दोन महिने पत्ता नाही, तर कधी पंधरवड्यात दोनदा.

आमच्याकडे ही गोष्ट झाकून राहत नाही. बाहेर बसलेली बाई मागच्या पडवीत बसते, तिचं ताट वेगळं, चटई वेगळी. त्यामुळे कुणाची सून कधी बसली आणि कुणाची लेक कधी बसली नाही, याचा हिशेब सगळ्या वाडीच्या तोंडपाठ. इतका हिशेब पंचांगवाल्यालाही ठेवता यायचा नाही.

त्या माघाच्या सुरुवातीला आतेचा साखरपुडा झाला. मुलगा मधू, माझ्या आईच्या माहेरच्या वाडीतला. स्वतःची होडी असलेला, अबोल, पण हसला की बरा दिसणारा. तो बाजारातून गेला की आते गिऱ्हाइकाला बांगड्याऐवजी पेडवे घालायची, असं बायका चिडवत. इथे एक सांगायला हवं. माझ्या आईची धाकटी बहीण, विमलामावशी, तेव्हा लग्नाची होती. तिला दोन ठिकाणचे नकार आले होते आणि आईच्या माहेरच्यांनी मधूवर डोळा ठेवला होता. दाजींनी आधी शब्द टाकला, म्हणून तो आतेच्या वाट्याला आला.

साखरपुड्यानंतर आतेला दोन महिने पाळी आली नाही. ती घाबरून वैनीकडे गेली. आईने खाजेसाठी कडुनिंबाचा पाला उकळून दिला, त्या पाण्याने धुवायला सांगितलं, आणि वर म्हणाली, "आणि उद्यापासून तू भायर बस."

"काय एक नसताना बसू? खोटां?"

"मगे? साखरपुडो झाल्लां चेडू दोन म्हयने बसाक नाय म्हणान गजाली होतीत, त्या चलतीत तुका? तीन दिसांचो प्रश्न आसा. माझ्याशिवाय कोणाक कळूचां नाय."

आते बसली. आणि बसली तीही किती इमानदारीने! कुणी बघत नसतानासुद्धा तिने पाण्याच्या हंड्याला हात लावला नाही, की लोणच्याच्या बरणीवर सावली पडू दिली नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाली. खोटं वागायचं तर तेही सोवळ्याने. अशी ती होती.

खाज मात्र जाईना. शेवटी लग्नाच्या साड्या घ्यायच्या निमित्ताने दोघी एसटीने सावंतवाडीला गेल्या आणि तिथे एका डॉक्टरणीला दाखवलं. तिने तपासलं आणि सांगितलं, "ही बुरशी आहे. दिवसभर ओलं नेसता, पाळीचे कपडे अंधारात वाळवता, त्याने होते. यात तुझा काही दोष नाही. तुझ्यासारख्या पुष्कळ मुली येतात माझ्याकडे." लावायला जांभळं औषध दिलं. पाळीबद्दल म्हणाली, "अंगात रक्त कमी आहे. या गोळ्या घे, नाचणी खा, पालेभाजी खा. तरी मागेपुढे होत राहिली तर पुन्हा ये, बघू. पण लग्नाला काही आड येत नाही."

परतीच्या गाडीत आते वैनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. सुटल्यासारखं वाटलं, म्हणाली. आई खिडकीबाहेर बघत होती. तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं ते मी आयुष्यभर शोधते आहे. डॉक्टरणीने काही वाईट सांगितलं असतं तर लग्न आपसूक मोडलं असतं, आईला काही करावंच लागलं नसतं.

औषधाने आठवड्यात उतार पडला. खाज गेली. आणि चैत्रात आतेला खरीखुरी पाळी आली. ती पडवीत जाऊन बसली ती जणू सणाला बसावी तशी, खुशीत. दुसऱ्याच दिवशी मधूची आई, हौसाबाई, दोन बायकांना घेऊन खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी राहिली.

"दाजीनू, चेडू बसलला दिसता. हां बसणां खरां की गेल्या वेळेसारखां खोटां?"

दाजींना काही कळेना. आते पडवीतून ओरडली, "खरां आसा! बघा होया तर, कपडो बघा!"

"कपड्याक काय," हौसाबाई म्हणाली, "कोंब्याचां रगत पण तांबडांच असता. पोटात कोणाचां काय आसा तां आधी सांगा."

दाजी आईकडे वळले. "सुभद्रे, तू सांग. घरात बायलमाणूस तूच एक आसस."

पडवीतून आतेचा आवाज आला, "वैनी, सांग गो. तुका म्हायत आसा."

आईने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आताचां देवाक ठावक," ती म्हणाली. "पण गेल्या वेळी ती खोटीच बसलली."

देवाला ठाऊक असेलच. पण त्या सकाळी आतेच्या पाळीच्या कपड्यांची बादली विहिरीवर आईनेच नेली होती.

लग्न मोडलं. वैशाखात मधूचं लग्न विमलामावशीशी लागलं. आते त्या लग्नाला गेली, कारण न गेली असती तर लोकांनी त्याचाही अर्थ लावला असता. पुढे महिने गेले, तिचं पोट काही वाढलं नाही. वाडीने ते बघितलं आणि वाडी गप्प झाली. चुकलो म्हणून उंबऱ्यावर कुणी आलं नाही. पाळी तर वर्षभरात नियमित झाली. नंतर आलेली बिजवरांची स्थळं आतेने नाकारली. ती मासळी विकत राहिली, वैनीच्याच हातचं जेवत राहिली आणि मला तिने वाढवलं. लग्न हौसाबाईने मोडलं, एवढंच मला सांगण्यात आलं होतं.

अडुसष्ट साली मी तेरा वर्षांची असताना तीच खाज मला सुरू झाली. आते मला मालवणच्या दवाखान्यात घेऊन गेली. आम्ही परत आलो तेव्हा आई मागीलदारी बांगडे साफ करत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "वाडीत कोणाक कळता नये हां."

"कळतला कसां?" आते म्हणाली. "तू सांगल्याशिवाय?"

इतक्या वर्षांत असं काही तिच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. आईचा हात थांबला. "मी तेव्हा एक अक्षर खोटां बोलूक नाय," ती म्हणाली.

"नाय बोललंस," आते म्हणाली. "खोटां तां माका करूक लावलंस, आणि खरां तां लोकांका सांगलंस."

मी आईकडे बघत राहिले. ती नाही म्हणेल, चिडेल, निदान रडेल असं मला वाटलं होतं. तिने पुढचा बांगडा उचलला. त्या दिवसानंतर मी माझ्या आईला माझ्या मनातलं काहीच सांगितलं नाही.